वरूडच्या फुलवाल्याचे वर्ष : ऋतूची फुले आणि दूरदेशीची फुले

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेले अमरावती जिल्ह्यातील वरूड महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संत्र्यांमुळे; नरखेड–अमरावती लोहमार्गावरील येथील स्थानकाच्या नावातही ‘ऑरेंज सिटी’ हे बिरुद आले आहे. संत्रा बागायतदाराचे सारे वर्ष फुलोऱ्यावर बेतलेले असते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार आणि उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडून, झाडाला ताण देऊन पावसाच्या आरंभी फुलवला जातो तो मृग बहार. फुलाला ऋतू असतो आणि तो ऋतू चुकला की त्याची भरपाई पाणी, खत आणि मेहनत यांनी करावी लागते, ही गोष्ट या तालुक्यात कोणाला शिकवावी लागत नाही. मात्र हेच गाव बाजारातील हारफुलांच्या दुकानाशी उभे राहिले, की ऋतूचे भान सुटू लागते. लग्नाचा मंच असो, वाढदिवसाचा गुच्छ असो की सत्काराचा बुके, बारा महिने तोच जरबेरा, तेच ऑर्किड आणि तेच लाल अँथुरियम मागितले जाते. तालुक्याच्या गावातील फुलवाल्याने हंगामी फुले आणि उष्णकटिबंधीय म्हणवली जाणारी दूरची फुले यांचा मेळ कसा घालावा आणि ग्राहकाने त्याच्याकडे काय मागावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ शोभेचा राहत नाही. तो शेतीचा, हवामानाचा आणि पैशाचाही ठरतो.

दुकानातील दोन प्रकारचा माल

फुलांच्या व्यापारात मालाचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. देठाशिवाय तोडून वजनावर विकली जाणारी झेंडू, बिजली, शेवंती, मोगरा, गलांडा ही ‘सुटी फुले’. हार, तोरण, वेणी, गजरा आणि पूजेची परडी यांचा सारा कारभार त्यांच्यावर चालतो. दुसरा वर्ग लांब दांड्यासह कापून गड्डीने विकल्या जाणाऱ्या फुलांचा. त्यात गुलाब, जरबेरा, कार्नेशन, ग्लॅडिओलस, ऑर्किड, अँथुरियम ही फुले येतात आणि फुलदाणी, बुके व मंचाची सजावट यांसाठी ती लागतात. गुलछडी, म्हणजेच निशिगंध, दोन्हीकडे चालते, कारण तिची सुटी फुले हारात ओवली जातात आणि काडी फुलदाणीत उभी राहते.

या दोन वर्गांचा प्रवासही निराळा असतो. सुटी फुले बहुधा जवळपासच्या मळ्यातून पहाटे तोडली जाऊन त्याच दिवशी दुकानात येतात. दांड्याच्या फुलांपैकी बराचसा माल मात्र नागपूरसारख्या मोठ्या शहराच्या फुलबाजारातून खोक्यांत भरून येतो आणि त्या बाजारातही तो पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे परिसरातील हरितगृहांतून किंवा बेंगळुरू-होसूर पट्ट्यातून पोहोचलेला असतो. डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडांची वाट त्याहून लांब असू शकते, कारण या फुलांच्या निर्यातीत थायलंड अग्रेसर आहे. अशा रीतीने वरूडच्या एका दुकानात पहाटे तोडलेला झेंडू आणि कित्येक दिवसांपूर्वी कापलेले ऑर्किड शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि दोघांचे उरलेले आयुष्य मात्र सारखे नसते.

वऱ्हाडातील फुलांचे वर्ष

वऱ्हाडात फुलांचे वर्ष पावसाळ्यापासून मोजणे सोयीचे पडते. श्रावणात कण्हेर, जास्वंद, तगर आणि प्राजक्त यांचे दिवस असतात. प्राजक्त पहाटे गळतो आणि ऊन चढताच मलूल होतो, म्हणून तो दुकानात विकण्यापेक्षा अंगणात वेचण्याचेच फूल राहिला आहे. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या लागतात. पुढे गणपतीला जास्वंद व दुर्वा, तर महालक्ष्म्यांना, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्यांना, आघाडा, पत्री, वेण्या आणि फुलांचे भरगच्च हार लागतात. येथूनच फुलवाल्याची खरी धावपळ सुरू होते.

दसरा आणि दिवाळी हा झेंडूचा काळ. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत झेंडू फुलावर येतो, त्यामुळे दसऱ्याचा बाजार साधायचा असेल तर शेतकऱ्याला ऐन पावसाळ्यातच लागवडीचा हिशेब करावा लागतो, आणि परतीचा पाऊस लांबला तर भिजलेली फुले कुजून तो हिशेब कोलमडतो. संत्र्याच्या नव्या बागेत पहिली चार-पाच वर्षे झाडांच्या ओळींमधील जागा मोकळी असते व तेथे आंतरपिके घेतली जातात. झेंडूच्या मुळांतून स्रवणारी द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींना, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींना, आवर घालतात, हे लक्षात घेतले तर आंतरपीक म्हणून झेंडूची निवड फुलापलीकडेही उपयोगी ठरते.

हिवाळा हा शेवंतीचा. शेवंती ही ‘अल्पदिन’ वनस्पती आहे, म्हणजे रात्र मोठी आणि दिवस लहान होऊ लागल्यावरच तिला कळ्या धरतात. हरितगृहात काळे पडदे ओढून हा लहान दिवस कृत्रिमरीत्या घडवता येतो आणि त्यामुळेच शहरांच्या बाजारात ती वर्षभर दिसते. उघड्या शेतातील शेवंती मात्र आपल्या वेळेलाच येते. हंगामी शेवंतीला वऱ्हाडात ‘बिजली’ म्हणतात आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘बिजली सुपर’ हे तिचे वाणही दिले आहे. अॅस्टर, ग्लॅडिओलस आणि उत्तम प्रतीचा गुलाब हेही थंडीचेच धनी. थंडीच्या अखेरीस शिवरात्रीला बेल आणि धोतरा विकला जातो, रानात पळस पेटतो आणि वरूडच्या भोवती संत्र्याच्या आंबिया बहाराचा सुगंध पसरतो.

हा शेवटचा फुलोरा दुकानात कधीच येत नाही, कारण फांदी तोडणे म्हणजे फळ तोडणे. युरोपात मात्र संत्र्याचे फूल नववधूचे मानले गेले आणि १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या विवाहात इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने संत्र्याच्या फुलांचा मुकुट घातल्यावर ती चाल सर्वत्र रूढ झाली. वरूडला फुलोरा तोडता येणार नसला, तरी झाडाच्या खोडावर व फांद्यांवर जोमाने वाढणारे आणि बागायतदार एरवीही छाटून टाकतो ते ‘पाणसोट’ काटे काढून गुच्छात पानोळा म्हणून वापरता येण्यासारखे आहेत. त्यांची गर्द, चकचकीत पाने पांढऱ्या गुलछडीभोवती विलक्षण शोभतात.

चैत्रापासून मोगऱ्याचे राज्य सुरू होते, आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती व लग्नसराई यांमुळे याच काळात हारांची मागणी सर्वाधिक असते. मोगऱ्याची पूर्ण वाढलेली पण न उमललेली कळी सकाळीच तोडतात. दुपारी ओवलेला गजरा ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवला, की कळ्या संध्याकाळी, ऐन मुहूर्ताच्या वेळी, केसांत उमलतात. फुलाच्या जीवनक्रमाशी माणसाच्या समारंभाची वेळ इतक्या नेमकेपणाने जुळवणारी ही कला शिकवणारे पुस्तक नाही; ती हार ओवणाऱ्यांच्या बोटांत टिकून आहे.

आपले कोण आणि परके कोण

हंगामी फुलांची बाजू घेताना ती सारीच या मातीतील आहेत असे मानणे चुकीचे ठरेल. दसऱ्याला दारावर चढणारा झेंडू मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतला आहे, आणि ज्याला व्यवहारात ‘आफ्रिकन’ किंवा ‘फ्रेंच’ झेंडू म्हणतात तोही तिकडचाच. गुलछडीची मायभूमी मेक्सिको, देवळापुढच्या पांढऱ्या चाफ्याची उष्ण अमेरिका, शेवंती व अॅस्टर यांची चीन, तर गलांड्याची उत्तर अमेरिका. समुद्रमार्गाने किंवा व्यापारी वाटांनी आलेल्या या फुलांना येथील पाऊस, माती आणि थंडी मानवली, शेतकऱ्याला ती कमी खर्चात घेता आली आणि सणांनी त्यांना आपल्यात सामावून घेतले. म्हणून फुलाची पारख त्याच्या जन्मभूमीवरून करण्यात अर्थ नाही. हे फूल येथल्या कोणत्या ऋतूत, किती पाण्यावर आणि किती प्रवासानंतर ताजे मिळते, हीच खरी कसोटी आहे, आणि उष्णकटिबंधीय फुलांनाही तीच लावली पाहिजे.

उष्णकटिबंधीय फुलांची घडण

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधील प्रदेश म्हणजे उष्ण कटिबंध. वरूड कर्कवृत्ताच्या दक्षिणेस सुमारे दोन अंशांवर आहे. त्यामुळे भूगोलाच्या हिशेबाने येथला मोगराही उष्णकटिबंधीयच. व्यापारात मात्र हे विशेषण अँथुरियम, हेलिकोनिया, लाल आल्याचे फूल, ऑर्किड आणि ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ अशा ठसठशीत आकाराच्या फुलांना लावले जाते. यांतील शेवटचे फूल दक्षिण आफ्रिकेच्या किनारी, तुलनेने सौम्य हवामानातले असले तरी आकारामुळे ते याच पंक्तीत बसवले जाते.

या फुलांची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. अँथुरियममध्ये जो लाल, हृदयाकृती, मेणासारखा चकाकणारा भाग फूल समजला जातो ते वास्तविक रूपांतरित पान असते. खरी फुले म्हणजे त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या दांडीवर दाटीने बसलेले बारीक ठिपके. ही फुले दांडीच्या बुडाकडून टोकाकडे उमलत जातात आणि दांडीचा रंग व पोत त्याच क्रमाने पालटतो, त्यामुळे ते फूल किती पक्व आहे हे जाणकाराला दांडीवरूनच कळते. हेलिकोनियाचे होडीसारखे लाल-पिवळे भागही पानांचेच रूप असून खरी लहान फुले त्या होड्यांच्या आत दडलेली असतात. पाकळ्यांऐवजी जाड, चिवट पानांनी रंगाचे काम केल्यामुळेच ही ‘फुले’ नाजूक पाकळ्यांच्या फुलांपेक्षा पुष्कळ अधिक टिकतात.

वनस्पतिशास्त्रात हेलिकोनिया ही केळ, हळद, आले आणि कर्दळ यांच्याच गणात येते, म्हणजे तिची भावकी वऱ्हाडाला चांगलीच परिचित आहे. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीचा पट्टा केळीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील केळीचे पान, जांभळट केळफूल किंवा अंगणातील कर्दळीची रुंद पाने यांचा आकार आणि डौल मुळात उष्णकटिबंधीयच आहे, आणि भव्य रचनेसाठी तो स्वस्तात व ताजा मिळू शकतो.

या फुलांविषयी एक गैरसमज मात्र दूर झाला पाहिजे. उष्ण प्रदेशातील फूल म्हणजे कोणतेही ऊन सोसणारे फूल, असा समज असतो. पण अँथुरियम आणि बहुतेक हेलिकोनिया ज्या वर्षावनांतून आली तेथील उष्णता दमट आणि सावलीची आहे. वरूडचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो आणि तेव्हाची हवा कोरडीठाक असते. अशा हवेत उघड्या मांडवात ठेवलेल्या अँथुरियमच्या कडा करपतात आणि ऑर्किडच्या पाकळ्या काही तासांत माना टाकतात. संत्रा बागांसाठी झालेल्या उपशाने ज्या तालुक्यातील भूजल खोल गेले आहे, तेथे कृत्रिम दमटपणा राखून ही फुले पिकवणेही शहाणपणाचे नाही.

टिकाऊपणाचे शास्त्र

कापलेले फूल मेलेले नसते. ते श्वास घेत असते, साठवलेली साखर खर्च करत असते आणि पाकळ्यांतून पाणी गमावत असते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणूनच फुलवाला गुलाब व कार्नेशन शीतपेटीत ठेवतो, आणि या फुलांना शून्य ते चार अंशांचा गारवा मानवतो. उष्णकटिबंधीय फुलांना मात्र हाच गारवा बाधतो. सुमारे १२ अंशांखाली अँथुरियम आणि हेलिकोनिया यांच्या पेशींना इजा होऊन ती काळवंडतात, ज्याला ‘शीत-इजा’ म्हणतात. गुलाबाच्या पेटीत अँथुरियम कोंबणारा दुकानदार काळजी घेण्याच्या भरात त्याचे नुकसानच करतो. त्याची योग्य जागा म्हणजे दुकानाचा सावलीतला, ओल्या गोणपाटाने थंड राखलेला कोपरा.

पाण्याचाही असाच विचार आहे. दांडा कापताच त्याच्या जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि पुढे पाण्यातील जिवाणू त्या वाहिन्या बुजवतात. त्यासाठी घरी आणलेल्या फुलांचे दांडे पाण्यात बुडवून धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरपे कापावेत, पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत आणि पाणी रोज बदलावे. एक लिटर पाण्यात साधारण २० ग्रॅम साखर, थोडा लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-तीन थेंब घातले, तर साखर फुलाचे पोषण करते, आंबटपणा पाणी चढण्यास मदत करतो आणि ब्लीच जिवाणूंना रोखते. ब्लीचशिवाय नुसती साखर घालणे म्हणजे जिवाणूंना खाद्य पुरवणे. जरबेऱ्याचा दांडा लवदार आणि कुजणारा असल्याने त्याला उथळ पाणीच द्यावे.

संत्र्याच्या गावाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पिकणारी व सडणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तो फुलांना अकाली म्हातारपण आणतो. निरोगी संत्रे हा वायू अत्यल्प सोडते. परंतु हिरव्या बुरशीने सडू लागलेले एकच फळ तो मोठ्या प्रमाणात सोडते, शिवाय हिरव्या सालीच्या संत्र्यांना रंग आणण्यासाठी याच वायूचा वापर होतो. त्यामुळे फळांच्या वखारीशेजारी किंवा फळांच्या टोपलीत ठेवलेली कार्नेशन आणि ऑर्किड लवकर मावळतात. अँथुरियम व जरबेरा यांना त्याची बाधा कमी होते.

रचनेचे तत्त्व

फुलदाणीतील रचनेचे तीन घटक असतात: उंची व दिशा देणारी रेषा, नजर खिळवणारे मुख्य फूल आणि मधली जागा भरणारा पानोळा किंवा बारीक फुले. या तीन जागांपैकी दोन हंगामाने भराव्यात आणि एक, फार तर, दूरच्या फुलाला द्यावी, हा वरूडसारख्या गावासाठी व्यवहार्य नियम ठरेल. हिवाळ्यात ग्लॅडिओलसच्या काड्यांची रेषा, शेवंतीचा भराव आणि मध्ये दोन बर्ड ऑफ पॅराडाइज. पावसाळ्यात केळीच्या पानांची पार्श्वभूमी, गुलछडीच्या काड्या आणि तीन अँथुरियम, कारण दमट हवेचा हाच काळ त्यांना मानवतो. उन्हाळ्यात मात्र मोगरा, गुलछडी आणि आंब्याच्या डहाळ्या यांवरच भर द्यावा आणि दूरची फुले आतल्या, गार दालनापुरती ठेवावीत. अशा रचनेत खर्चाचा मोठा वाटा जवळच्या शेतकऱ्याकडे जातो आणि थोड्याच महागड्या फुलांचा आकार उठून दिसतो. दाटीने कोंबलेल्या वीस ऑर्किडांना जे साधत नाही ते तीन फुलांना साधते.

फुले रोवण्यासाठी वापरला जाणारा हिरवा स्पंज, ज्याला व्यवसायात ‘ओअॅसिस’ म्हणतात, तो फॉर्माल्डिहाइडयुक्त प्लास्टिकचा असून मातीत कुजत नाही. त्याचा चुरा होतो आणि तो सूक्ष्म प्लास्टिक म्हणून पाण्यात मिसळतो. त्याऐवजी जपानी पुष्परचनेत वापरतात तशी सुयांची वजनदार धातूची बैठक, चुरगळलेली तारेची जाळी किंवा ओल्या वाळूने भरलेले मातीचे भांडे पुरेसे असते आणि ते वर्षानुवर्षे पुन्हा वापरता येते.

ग्राहकाच्या हातीही पुष्कळ काही आहे. गुलछडीच्या काडीवर खालची एक-दोन फुलेच उमललेली असावीत, ग्लॅडिओलसच्या तळच्या कळ्यांवर नुकता रंग दिसावा, जरबेऱ्याची मान ताठ असावी आणि झेंडूचा हिरवा देठाकडील भाग ओला-काळा नसावा, एवढी पारख कोणालाही साधते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुकानात शिरल्यावर छायाचित्र पुढे करून ‘अगदी असेच पाहिजे’ म्हणण्याऐवजी ‘आज ताजे काय आले?’ हा प्रश्न विचारणे. या प्रश्नाने फुलवाल्याच्या अनुभवाला मान मिळतो, शेतकऱ्याच्या हंगामाला भाव मिळतो आणि समारंभाला टिकणारी फुले मिळतात. वरूड आणि वऱ्हाडातील वाचकांनी येत्या लग्नसराईत आपल्या मांडवातील निम्म्याहून अधिक फुले त्या महिन्याची आणि जवळच्या मळ्यातली असतील एवढा आग्रह धरावा; दूरदेशीच्या फुलांना पाहुण्याचा मान जरूर द्यावा, पण घर चालवण्याचे काम ऋतूच्या फुलांकडेच राहू द्यावे.